गाठ कापायच्या आधी सुई : सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी बायोप्सीला वाट कशी दाखवतात?

"छोटी गाठ आहे, काढून टाकू. पंधरा मिनिटांचं काम आहे."

गेल्या वर्षी जूनमध्ये एका दवाखान्यात माझ्या मोठ्या आईला (म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आमच्याकडे काकू म्हणत नाहीत) हे वाक्य ऐकायला मिळालं. वय ५२. उजव्या स्तनात गाठ. ती तिला आंघोळ करताना चार महिन्यांपूर्वीच लागली होती, पण दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितलं नाही. चुलतभावाने मला पुण्यात फोन केला, कारण घरात "कॉम्प्युटरवाला" मी. प्रिंटर बिघडला, आधार लिंक होत नाही, गॅसची सबसिडी आली नाही, सगळे प्रश्न माझ्याकडे. हाही आला.

आमचं गाव अजिंठा. लेणी नाही, गाव. लेणी पलीकडे घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला आहेत, आणि हे मला आयुष्यभर समजावून सांगावं लागणार आहे. गावापासून संभाजीनगर शंभर किलोमीटर, जळगाव साठ. म्हणजे कुठलीही मोठी तपासणी म्हटली की एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं तिकीट. त्यात "पंधरा मिनिटांत काढून टाकू" हे ऐकायला किती बरं वाटतं ते तुम्हीच बघा. भाऊ तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घेऊन जायच्या तयारीत होता.

मी माझ्या मित्राच्या बहिणीला फोन लावला. ती रेडिओलॉजिस्ट आहे. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, "कापायचं नाही. आधी सुई. आणि सुईपण आंधळी नाही, बघून मारायची."

हा लेख त्या तीन वाक्यांबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण पुढच्या काही महिन्यांत जे पाहिलं त्यातला अर्धा भाग इमेज प्रोसेसिंगचा आणि भूमितीचा होता, आणि तो मला समजतो.

आधी सुई का?

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. विशीतल्या-तिशीतल्या मुलींमध्ये सापडणारी, बोटाखाली गोटीसारखी सरकणारी गाठ बहुधा फायब्रोॲडिनोमा निघते. ती साधी गाठ आहे असं सुईने सिद्ध झालं तर अनेकदा ऑपरेशन लागतच नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

आणि गाठ कॅन्सरची असेल तर "काढून टाकणं" हे वेगळंच ऑपरेशन असतं. गाठीभोवतीचा निरोगी भागही किती घ्यायचा, काखेतल्या ग्रंथींचं काय करायचं, स्तन वाचवता येईल का, हे सगळं आधी ठरवून मगच टाका मारायचा असतो. काही प्रकारांत आधी औषधं देतात आणि मग ऑपरेशन. आधीच कुणीतरी गाठ उचलून बाहेर काढली, तर पुढच्या सर्जनला नकाशा उरत नाही. कडा साफ आहेत का ते कळत नाही, बऱ्याचदा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, आणि औषधाने गाठ लहान होतेय का हे पाहायला गाठच शिल्लक नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कुठे आहे ते लॉगमध्ये न बघता सरळ प्रॉडक्शनवर कोड उडवून टाकायचा.

सुईचेही दोन प्रकार आहेत. बारीक सुईने पेशी ओढून काढतात, तिला एफएनएसी म्हणतात. स्वस्त आणि झटपट. पण त्यात सुट्या पेशी मिळतात, त्यांची रचना दिसत नाही. कॅन्सर दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की बाहेर पसरलाय, हे सुट्या पेशींवरून सांगता येत नाही. भिंतीच्या चार विटा हातात देऊन घराचा आराखडा विचारल्यासारखं ते होतं. त्याऐवजी जाड सुईने मांसाची बारीक पट्टी काढतात, ती कोअर बायोप्सी. सुई साधारण १४ गेजची, म्हणजे बाहेरून दोन मिलिमीटरच्या आसपास. गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड, वायरसारखंच.

मोबाइलवरचा फोटो आणि हरवलेले कण

संभाजीनगरात एका सेंटरला दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी झाली. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून धरतात, कारण थर पातळ झाला की चित्र स्वच्छ येतं, हालत नाही आणि किरणंही कमी लागतात. मोठी आई बाहेर येऊन म्हणाली, "पापडासारखं लाटलं मला." प्रत्येक बाजूचे दोन कोन, एकूण चार चित्रं.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. उजवीकडे तीन सेंटीमीटरची वेड्यावाकड्या कडांची गाठ, बायरॅड्स ४सी. डावीकडे, जिथे हाताला काहीच लागत नव्हतं तिथे, कॅल्शियमच्या बारीक कणांचा पुंजका, बायरॅड्स ४ए.

हे बायरॅड्स म्हणजे रेडिओलॉजिस्टची संशय मोजायची पट्टी. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ साली ती बनवली, आता जगभर तीच वापरतात. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. ४ मध्ये तीन पायऱ्या : ए म्हणजे २ ते १० टक्के, बी म्हणजे १० ते ५०, सी म्हणजे ५० ते ९५. पाच म्हणजे ९५ च्या वर. आणि ० म्हणजे शून्य धोका नव्हे, "अजून तपासणी अपुरी आहे" असा त्याचा अर्थ. हे लक्षात ठेवा, कारण शून्य बघून पेढे वाटणारे लोक मी स्वतः पाहिलेत. चार आणि पाचला सहसा बायोप्सी.

भावाने फिल्म घरातल्या ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. मी ते रेडिओलॉजिस्ट ताईंना फॉरवर्ड केले. उत्तर आलं : "उजवीकडची गाठ दिसतेय. डावीकडे जे कण लिहिलेत ते मला दिसतच नाहीत. सीडी दिली असेल ना?"

कण गेले कुठे? हिशोब करून बघू. डिजिटल मॅमोग्राफीच्या मशीनमध्ये एक पिक्सेल साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. २४ बाय ३० सेंटीमीटरच्या डिटेक्टरवर हे झाले सुमारे ३,४०० बाय ४,३०० पिक्सेल, म्हणजे साडेचौदा मेगापिक्सेल. त्यात करड्या रंगाच्या हजारो छटा. कॉम्प्रेस न केलेली अशी चार चित्रं मिळून शंभर एमबीच्या वर जातात. आपण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवतो तेव्हा त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. म्हणजे आता एक पिक्सेल जवळजवळ ०.१९ मिलिमीटरचा. संशयास्पद कण असतात ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे. त्यावर जेपेग आठ बाय आठच्या चौकोनात बारीकसारीक फरक पुसत जातं, छटा उरतात २५६. आमच्या फोटोत वरून ट्यूबलाइटची चमक होतीच. कॅन्सरची शंका ज्या कणांमुळे होती ते कण फोनने "अनावश्यक तपशील" समजून पुसून टाकले होते.

म्हणून सीडी. तिच्यात डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये मूळ चित्रं असतात. नुसतं चित्र नाही, तर एक पिक्सेल किती मिलिमीटरचा, कोणती बाजू, कोणता कोन, हेही त्यातच लिहिलेलं असतं. त्यामुळेच डॉक्टर पडद्यावर अंतर मोजू शकतात. पेशंटचं नाव आणि वयही त्यातच असतं, तेव्हा ती फाइल फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

आता गंमत बघा. मी गावी गेलो, हातात सीडी, बॅगेत कंपनीचा भारी लॅपटॉप, आणि त्याला सीडी ड्राइव्हच नाही. घरात एकाच्याही लॅपटॉपला नाही. शेवटी बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथला जुना कॉम्प्युटर अजून लग्नाच्या सीड्या लिहितो. त्याने फोल्डर पेन ड्राइव्हवर काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. मी ते झिप करून ताईंना लिंक पाठवली. वीस मिनिटांत फोन : "आहेत कण. पुंजक्यात आहेत. यालापण सुई लागणार, पण वेगळ्या पद्धतीने."

सोनोग्राफी सुईला कशी दिसते

सोनोग्राफी म्हटल्यावर मोठी आई लाजली. "या वयात सोनोग्राफी? लोकं काय म्हणतील?" आपल्याकडे हा शब्द गरोदरपणालाच चिकटलाय. मशीन मात्र तेच काम करतं : प्रोब आवाज सोडतो, शरीरातून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरतात. तीन सेंटीमीटर खोलवरून प्रतिध्वनी परत यायला लागतात सुमारे ३९ मायक्रोसेकंद. किती वेळाने परत आला यावरून खोली, किती जोरात आला यावरून पांढरा की काळा. दर सेकंदाला अशी अनेक चित्रं बनतात, म्हणजे हा लाइव्ह व्हिडिओ आहे. किरणं अजिबात नाहीत. म्हणून तरुण मुलींमध्ये पहिली तपासणी सहसा हीच असते, शिवाय त्या वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत सगळं पांढरं दिसतं आणि पांढऱ्यात पांढरी गाठ हरवते.

पोटाच्या सोनोग्राफीला ३ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात, कारण खोल जायचं असतं. स्तनाला १२ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून जास्त. खोल जात नाही, पण तरंगलांबी ०.१३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि बारीक तपशील दिसतो. तुमच्या गावात पोटाचं मशीन आहे म्हणजे स्तनाचं होईलच असं नाही, योग्य प्रोब आहे का ते विचारावं लागतं. पाण्याची गाठ पडद्यावर काळी दिसते आणि तिच्या मागे उजेड पडतो. साधी घन गाठ आडवी लंबगोल, कडा गुळगुळीत. वेडीवाकडी, रुंदीपेक्षा उंची जास्त, मागे सावली टाकणारी दिसली की डॉक्टर गप्प होतात.

मोठ्या आईची उजवीकडची बायोप्सी अशीच सोनोग्राफीखाली झाली. आत वहिनी गेली होती, मी बाहेर. पण नंतर डॉक्टरांनी पडद्यावरची जतन केलेली चित्रं मला दाखवली, आणि मी अर्धा तास प्रश्न विचारून त्यांना पिडलं.

यातली खरी गोम अशी की प्रोबचा आवाज टॉर्चसारखा पसरत नाही. तो एका पातळ पानासारखा जातो, जाडी दीड-दोन मिलिमीटर. पडद्यावर दिसतो तो त्या पानाचा काप. सुई त्याच पानात आडवी असेल तर तिची पूर्ण लांबी पांढऱ्या रेघेसारखी दिसते. जरा तिरकी गेली की रेघ तुटते आणि टोक कुठे आहे ते कळत नाही. म्हणून एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात सुई, आणि दोन्ही एका रेषेत. सुई छातीच्या भिंतीला शक्य तितकी समांतर ठेवतात, म्हणजे फुप्फुसाकडे टोक जाण्याचा प्रश्न नको. आधी भूल देतात, तीसुद्धा पडद्यावर बघत बघत गाठीच्या कडेपर्यंत. मग कातडीवर दोन-तीन मिलिमीटरची चीर.

सुई गाठीच्या कडेला नेऊन थांबवतात. एक चित्र काढतात. आता बटण दाबलं की स्प्रिंगच्या जोरावर सुई क्षणात साधारण दोन सेंटीमीटर पुढे उडते, तिच्या खाचेत मांस अडकतं आणि वरची नळी ते कापून झाकते. म्हणून बटण दाबायच्या आधी पुढे दोन सेंटीमीटर काय आहे ते बघून घ्यावंच लागतं. वहिनी म्हणाली, "स्टेपलर मारल्यासारखा टक् आवाज येतो, मोठ्या आई दचकल्या पण ओरडल्या नाहीत." टक् झाल्यावर दुसरं चित्र, सुई गाठीच्या आरपार गेलेली. मग प्रोब ९० अंशात फिरवला. आता सुई रेघ न दिसता एक पांढरा ठिपका दिसते, आणि तो ठिपका गाठीच्या आत आहे का हे तपासलं. हे मला फार आवडलं. एका कोनातून बरोबर वाटलेली गोष्ट दुसऱ्या कोनातून चुकीची निघू शकते.

हाताने गाठ धरून अंदाजाने सुई मारली तर काय बिघडतं? सरकणारी गाठ सुईसमोरून बाजूला होते. हाताला लागते ती गाठ आणि आजूबाजूची सूज मिळून, त्यामुळे आकार चुकतो. मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असेल तर नेमका तोच येतो. मग रिपोर्ट येतो "कॅन्सर आढळला नाही", आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. सुईला गाठ सापडलीच नाही, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

अशा चार-पाच पट्ट्या घेतल्या. त्या फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकल्यावर डॉक्टर बघत होते की त्या बुडतात की तरंगतात. चरबी तरंगते, घट्ट मांस बहुधा बुडतं. साधा अंदाज, पण ताबडतोब मिळणारा. मग दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली, बर्फाने शेक. संध्याकाळच्या गाडीने ती गावी परत. रात्री भाकरी थापायला बसली होती, तिथून उठवायला लागलं.

गिलसाहेबाचे जोडफोटो आणि डावी बाजू

डावीकडचे कण सोनोग्राफीत दिसत नव्हते. असं बऱ्याचदा होतं. मग ज्यात दिसतात त्या एक्स-रेवरूनच सुई न्यावी लागते. अडचण ही की एक्स-रे म्हणजे सपाट सावली. कण वर-खाली, डावे-उजवे कुठे आहेत ते कळतं, पण किती खोल ते कळत नाही.

इथे मला आमच्या गावचा मेजर रॉबर्ट गिल आठवला. अजिंठ्याच्या पोराला गिल आणि पारोची गोष्ट शाळेच्या आधीच कळते. पारोची कबर गावातच आहे. गिल १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होता, त्यातल्या बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पण नंतर त्याने कॅमेरा हातात घेतला होता, आणि तोही जोडफोटोंचा. एकाच दृश्याचे जरा बाजूबाजूने घेतलेले दोन फोटो, खास चष्म्यातून पाहिले की खोली दिसते. अशा शंभर जोडफोटोंचं त्याचं पुस्तक १८६४ साली लंडनमध्ये निघालं. लेण्यांचे खांब एकामागे एक उभे असलेले त्यात खरंच मागे-पुढे दिसतात.

डावीकडच्या बायोप्सीत हेच तत्त्व वापरलं. तिचं नाव स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी. स्तन प्लेटांमध्ये धरून एक्स-रेची नळी एकदा १५ अंश एका बाजूला, एकदा १५ अंश दुसऱ्या बाजूला फिरवून दोन चित्रं घेतात. कण जितका डिटेक्टरपासून दूर, तितका तो दोन चित्रांत जास्त सरकलेला दिसतो. गणित अगदी सोपं करून सांगतो : सरकलेलं अंतर भागिले ०.५४ (हे म्हणजे १५ अंशाच्या टॅन्जंटची दुप्पट). कण १६ मिलिमीटर सरकला असेल तर तो सुमारे ३० मिलिमीटरवर आहे. दहावीची त्रिकोणमिती. तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोडसुद्धा दोन कॅमेऱ्यांमधला असाच फरक वापरून चेहरा पुढे आणि भिंत मागे आहे हे ओळखतो. फोन चुकला तर कानाची कड धूसर होते. इथे चूक एक-दोन मिलिमीटरची झाली तरी पुंजका सुटतो.

ही पद्धत स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९७७ साली मांडली गेली. पण तेव्हा बारीक सुईच होती. १९९० साली अमेरिकेत डेन्व्हरच्या स्टीव्ह पार्कर यांनी तिला १४ गेजची स्वयंचलित सुई जोडली, आणि तीन वर्षांनी तीच सुई सोनोग्राफीखाली वापरल्याचे निकाल दिले. त्याआधी अशा न लागणाऱ्या जागेसाठी तार खुपसून ऑपरेशनच करावं लागायचं, त्यातल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतानाही.

हे मशीन प्रत्येक शहरात नाही. आम्ही जळगावहून रेल्वेने मुंबईला गेलो. तिथे सुई व्हॅक्यूमवाली होती, जरा जाड. ती एकदाच आत जाते, मांस आत ओढते, गोल फिरत चारी बाजूंनी पट्ट्या घेते. त्या काढलेल्या पट्ट्यांचाच तिथल्या तिथे एक्स-रे काढला. पट्ट्यांमध्ये पांढरे कण दिसले तरच म्हणायचं की नेम लागला. दिसले. मग त्या जागी दोन-तीन मिलिमीटरची टायटॅनियमची क्लिप सोडली, म्हणजे पुढे कधीही तीच जागा सापडेल.

बाटलीतली पट्टी आणि कागदावरचा जुळारा

सुई नीट गेली तरी नमुना खराब होऊ शकतो, आणि हे तुमच्या हातात असतं, कारण आपल्याकडे बऱ्याचदा बाटली नातेवाईकच लॅबमध्ये नेऊन देतात. पट्टी १० टक्के फॉर्मेलिनमध्येच हवी, सलाइनमध्ये नाही, पाण्यात तर नाहीच. ताबडतोब बुडवायची, आणि त्यात ती किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिलेली चालते. त्याच्या आत-बाहेर गेलं की पुढच्या तपासण्या फसतात. आमचा नमुना शुक्रवारी संध्याकाळचा, मध्ये रविवार. मी बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायला लावली. टाइमस्टॅम्प नसलेला डेटा मला झोपू देत नाही.

पॅथॉलॉजिस्टने आधी सांगितलं कॅन्सर आहे का. मग रंग टाकून तीन गोष्टी तपासल्या : ईआर, पीआर आणि हर-टू. कोणतं औषध चालेल हे या तीन शब्दांवर ठरतं. म्हणूनच पट्टी लागते.

उजवीकडची गाठ कॅन्सरची निघाली, हर-टू पॉझिटिव्ह. डावीकडचे कण साधे निघाले.

पण रिपोर्ट हातात आल्यावर काम संपत नाही. रेडिओलॉजिस्टने चित्र आणि पॅथॉलॉजीचा कागद शेजारी ठेवून बघायचं असतं, की हे उत्तर त्या चित्राला शोभतं का. चित्र ओरडून सांगतंय कॅन्सर आणि कागद म्हणतोय साधी गाठ, तर कागदावर विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा बायोप्सी करतात. आमच्या डावीकडच्या कणांचं उत्तर चित्राशी जुळलं, म्हणून ते प्रकरण तिथे थांबलं. तुम्ही घरच्यांबरोबर जाल तेव्हा एवढा एक प्रश्न जरूर विचारा : "रिपोर्ट आणि सोनोग्राफी जुळतात का?" त्याचा कुणाला राग येत नाही.

"सुई लावली की पसरतो"

हे गावात मला किमान दहा जणांनी ऐकवलं. एक आजोबा तर ओट्यावरून उठून आले. सुईच्या वाटेत काही पेशी सांडू शकतात हे खरं आहे. पण सुईने बायोप्सी झालेल्या बायका त्यामुळे लवकर दगावतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि पुढचं ऑपरेशन, किरणं, औषधं त्या वाटेलाही धरूनच असतात. अशा गोष्टी पसरतात त्याचं कारण मला वाटतं साधं आहे : आपल्याकडे सुई लागते तीच फार उशिरा, आणि मग जे होतं त्याचं खापर सुईवर फुटतं.

मशीन लांब असेल तर

स्तनाच्या सोनोग्राफीसाठी मशीन बॅगेत घालून गावोगाव का फिरवत नाहीत, हा माझा इंजिनिअरी प्रश्न होता. उत्तर कायद्यात आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद असते आणि ते कुठे वापरायचं यावर कडक बंधन आहे. त्या बंधनाचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यावर तक्रार नाही.

पण शोधायची पहिली पायरी मशीनशिवायही होते. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, चार वेळा. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला : कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. हाताने शोधायचं, चित्राने जागा पक्की करायची, सुईने नाव विचारायचं. मराठवाड्यात संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, कोणत्या तपासण्या बसतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

आणि हो, एआय. तुम्ही विचारणारच. स्वीडनमध्ये ८० हजार बायकांवरच्या चाचणीत एआयच्या मदतीने मॅमोग्राफी वाचली, तेव्हा डॉक्टरांचं वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडायचं प्रमाण घटलं नाही. २०२३ चे निकाल आहेत. भारीच आहे. पण तिथेही संशय आला की पुढे सुईच. फोनच्या कॅमेऱ्याने गाठ ओळखून देतो म्हणणारं ॲप दिसलं तर डिलीट करा. फोनचा कॅमेरा कातडीच्या आत बघत नाही.

सध्या

मोठ्या आईला आधी औषधं दिली. त्याआधी उजव्या गाठीतही सोनोग्राफीखाली क्लिप सोडली होती. सहा डोसांनंतर सोनोग्राफीत गाठ दिसेनाशी झाली. डॉक्टर प्रोब फिरवत राहिले, तीन सेंटीमीटरची गाठ नव्हतीच. होती ती क्लिप. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मशीनवर बघत क्लिपपर्यंत बारीक तार घातली आणि सर्जनने त्या तारेच्या मागावर जाऊन तेवढाच भाग काढला. पंधरा मिनिटांत नक्कीच नाही. स्तन राहिला.

केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. डावीकडची क्लिप अजून आत आहे. फर्दापूरच्या मामांनी तिला सांगितलं की विमानतळावर ती वाजणार. वाजत नाही, इतक्या छोट्या टायटॅनियमला मशीन दाद देत नाही, आणि ती विमानात बसणारही नाही, पण शेजारणींना सांगताना "माझ्यात टायटॅनियम आहे" हे ती फार रुबाबात सांगते.

पुढची मॅमोग्राफी दिवाळीनंतर आहे. आधीच्या चित्रांशी तुलना करायला जुनी सीडी बरोबर न्यायची आहे. ती तिने गोदरेजच्या कपाटात, जमिनीच्या कागदांबरोबर, साडीच्या घडीत ठेवलीय. मी तिची एक कॉपी काढली आणि सातशे रुपयांचा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह घेतला. घरात सगळे हसले. तो आता फोटो स्टुडिओवालाच कधीकधी मागून नेतो.